वर्गावरच्या सरांचं 'च्च'

नाही, पण मला एक सांगा, भर परीक्षेत, त्यातून भूमितीच्या पेपराला, पावलांचा आवाजही न करता एखाद्या मुलीच्या मागे येऊन उभं राहायचं, तिच्या खांद्यावरून पेपरात डोकवायचं आणि 'च्च' करायचं... हे शोभतं का? आणि केलंच, तर निदान कशाचं ते सांगून पुढे जावं ना माणसानं! नाही. 'च्च' केलं आणि गेले. मी तिथे हातात कंपास धरून गार!

तुम्हाला सांगते, मी मुळातच दचकणारी. दाराची बेल वाजली की माझ्या हातातला कप सांडतो, आणि बेल शेजाऱ्यांची असते. त्यात दहावीची परीक्षा, शाळा परकी, बाक परका, आणि बाकावर कुणीतरी कोरून ठेवलेलं, 'मी येते.' एवढंच! कोण येते? कुठून? आली का शेवटी? पेपर हातात पडेपर्यंत मी तिचीच काळजी करत बसले होते.

बेत तसा साधा होता. गणितात पास झाले की भाषा घेऊन कॉलेजात जायचं आणि भूमितीचं तोंड पुन्हा जन्मात बघायचं नाही. नापास झाले तर वर्षभर तेच तोंड, आणि त्याच्या जोडीला ताईचं. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, तिनं मला भूमिती शिकवली. शिकवली म्हणजे काय, माझ्यासमोर बसून ओरडली. 'त्रिकोणाला बाहेरून मिठी मारतं ते परिवर्तुळ, आणि त्याच्या पोटात बसतं ते अंतर्वर्तुळ! म्हण! अगं, माझ्याकडे काय बघतेस, वहीत बघ!' पण वहीत काय असतं हो? वहीत प्रश्न असतो. उत्तर ताईच्या भुवयांत असायचं. भुवई चढली की खोडायचं, उतरली की खाली रेघ मारायची. सगळं गणित मी असं भुवयांवर केलं, आणि परीक्षेला भुवया नेऊ देत नाहीत...

तर प्रश्न आला, परिवर्तुळ काढा. काढलं! त्रिकोण जरा कडेला सरकला होता, त्यामुळे वर्तुळ समास ओलांडून पार कागदाच्या काठाशी गेलं, पण तिन्ही टोकांना टेकलं, शपथ, तिन्ही! मी स्वतःवर खूश होऊन कंपास खाली ठेवते न ठेवते तोच मागून... 'च्च.'

आता हे 'च्च' कशाचं?

मागे वळून बघावं तर कॉपी केली म्हणतील. खाली मान घालून दिसले ते फक्त बूट. तपकिरी, आणि एका बुटाच्या टोकावर निळा थेंब. शाई! म्हणजे गणिताचेच सर, वह्या तपासून तपासून बुटापर्यंत शाई पोचलेली! एवढा शिकलेला माणूस उगाच 'च्च' करेल? मग पोटात बसतं ते परिवर्तुळ असेल का? ताई उलटं बोलली असेल का? की मी उलटं ऐकलं? खोडलं. सगळं खोडलं. कागदाचा पापड झाला, पण पानाच्या मधोमध नवा त्रिकोण काढला आणि त्याच्या पोटात छोटंसं, गोंडस वर्तुळ बसवलं. बूट परत आले. थांबले. 'हंऽऽ.' असा समाधानी 'हं' की मला वाटलं, आता पाठ थोपटतात!

पुढचा प्रश्न दीपगृहाचा. दीपगृहाच्या टोकावरून एक जहाज दिसतंय, कोन दिलाय, तर जहाज किती लांब आहे? मी एक उभी रेघ मारली, हे दीपगृह. लांब एक ठिपका दिला, हे जहाज. 'च्च.'

आता हे 'च्च' कशाचं? जहाज चुकीच्या बाजूला आहे का? ठिपका डावीकडे नेला. 'च्च.' अहो, मग ठेवू कुठे जहाज? डोक्यावर? म्हटलं, ठिपकाच खटकतोय बहुतेक. नाव काढली. बूट हलेनात. शीड काढलं. बूट जरा पुढे आले. मग मी सुटलेच, दीपगृहाला खिडक्या काय, दिव्याचे झोत काय, लाटा काय, शेवटी एक खलाशी काढला हात हलवणारा... आणि मागून अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं, 'वा!'

आणि घंटा झाली! मी अशी दचकले की खलाशाला शेपूट फुटलं. बघते तर सगळं होतं पानावर, जहाज किती लांब तेवढं सोडून.

सर पेपर घ्यायला आले तेव्हा मला राहवेना. 'सर, आता तरी सांगा, परिवर्तुळ आत असतं की बाहेर?'

'मला काय विचारतेस, बाळ? मी चित्रकलेचा.'

'पण सर... गणिताच्या पेपराला?'

'मग? गणिताच्या पेपराला गणिताचे मास्तर वर्गावर देतच नाहीत. मुलं म्हणे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून लिहितात.' मग वाकून, खासगीत, 'पहिलं वर्तुळ समासात घुसलं होतं गं, जीव तुटला माझा. चित्राला श्वास घ्यायला जागा नको? पण जहाज! जहाजात दम आहे हो.'

घरी ताईनं विचारलं, 'परिवर्तुळ कुठे काढलंस?' मी म्हटलं, 'आधी बाहेर, मग आत.' भुवया अशा चढल्या की पुढे महिनाभर खाली आल्या नाहीत.

आणि निकाल? पास! अगदी काठावर, पण पास. मार्क मिळाले कसे? कुणी दिले? कशाचे दिले? पोटातल्या वर्तुळाचे? खलाशाचे? की परीक्षकांना शेपटीचीच दया आली? ताई आजही म्हणते, 'अगं, उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येत होती, मागवून बघायची होतीस!' माझीही रात्रंदिवस तगमग व्हायची हो, कळायलाच हवं होतं मला. अर्ज भरून तयार होता, सही तेवढी राहिली होती. आणि मनात आलं, समजा प्रत काढता काढता बोर्डातल्या कुणी सहज पेपर चाळला... आणि तो कुणीतरी गणिताचा निघाला...

फाडला अर्ज. जाऊ दे. पास झालेल्या माणसानं फार चौकशा करू नयेत.