वरदचा पलंग

कागलच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. घर विकायला निघाले होते.

"घेणाऱ्या पावण्यास्नी घर सामानासकट पायजे, तेजू."

"न्हाय. रिकामं करूनच द्यायचं."

"एवढी कपाटं ठेवणार कुठं?"

"कपाटं द्या की! वरदचा पलंग द्यायचा न्हाय."

"पोरगं जाऊन तीन वर्सं झाली. किती दिवस त्या खोलीला कुलूप लावणार?"

"हळू बोला. लोकं बघाय लागल्यात."

"बघूंदेत."

"...त्यांच्यात कोण झोपणार त्यावर?"

"त्यांची पोरगी."

"केवढी हाय?"

"सात-आठ वर्सांची. वरद होता तेवढीच."



"आवो, तिला सांगा, खिडकीकडं पाय करून झोप म्हणावं. पावसात डोक्यावर पाणी येतंय."