नाच नसलेल्या लग्नाचे फोटो

श्कोदर शहराकडे परतणाऱ्या बसमध्ये, व्हिसाच्या मुलाखतीहून निघालेल्या सासू-सुना माझ्या पुढच्या आसनावर बसल्या होत्या.

“काय म्हणाला गं तो साहेब, मरिका?”

“फोटोत नाच नाही, वाजंत्री नाही, लग्नच खोटं दिसतंय म्हणाला.”

“तुझे सासरे जाऊन महिना झाला होता! दुखवट्यात नाचायचं होतं का?”

“सांगितलं, आई. म्हणे, परदेशात नवऱ्याकडे बायको म्हणून जाणं अवघड आहे. वृद्धाश्रमात कामाला जा, लगेच व्हिसा मिळेल.”

“म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला चालतेस, आणि माझ्या ग्योनची बायको म्हणून चालत नाहीस?”

“तसंच. अर्ज आणलाय. घरी कुणा वृद्धाची सेवा केल्याचा पुरावा मागतात.”

“मग माझा फोटो लाव. पण हसणार नाही हं मी, सांगून ठेवते. दुखवट्याचं वर्ष सरलं नाही अजून.”