भांडकुदळ म्हातारीचा अल्बम

आमच्या टेक्सासमधल्या प्लेनोच्या मराठी मंडळाचे फोटो मीच काढते आणि स्वतःपुरते ऑनलाइन अल्बम लावते माणसांच्या स्वभावावरून. एकदा माझ्या या खाजगी अल्बमांची लिंक चुकून मंडळाच्या आख्ख्या ग्रुपवर गेली. ‘रडकी’, ‘मिरवणारी’, ‘भांडकुदळ म्हातारी’, अल्बमांची सगळी नावं उघडी पडली.

पहिला फोन त्या म्हातारीच्या लेकीचा, वैशालीचा. म्हातारी नुकतीच गेलेली.

म्हटलं, “काढून टाकते गं, शिव्या नको देऊस.”

“नको, मावशी. आमच्या फोटोंत आई नुसती गप्प उभी आहे. तुमच्याकडे कमरेवर हात ठेवून केटररला झापतेय. तिचा आवाजच ऐकू आला हो.”

माझ्या फोटोंना इतकी दाद कुणी दिली नव्हती. उपकारच झाले पोरीचे. म्हटलं, “नाव तरी बदलते.”

“बदलून तर बघा,” ती कडाडली.

अगदी आईवर गेलीय.