न झालेला अपघात

आता पायावर अख्खी फळी पडल्यावर माणसानं निदान ओरडायचं तरी की नाही, सांगा तुम्ही! पण आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, फर्निचरच्या कारखान्यात कपाटं जोडतात, त्यांनी ओठ दाबून नुसतं छताकडे पाहिलं... कारण अपघात तर झालाच नव्हता!

तुम्हाला सांगतो, भानगड अशी की मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलेलं, महिनाभर ज्या विभागात अपघात नाही त्या विभागाला जादा पगारी सुट्टी, आणि एक जरी नोंद झाली की सगळ्यांचीच बुडाली. मग माणसं काय करणार? सांभाळून काम करायला वेळ लागतो हो, लपवायला काय लागतं? भाऊजी बगळ्यासारखे एका पायावर उभे, तर शेजारचा पॉलिशवाला कानाशी येऊन म्हणतो कसा, "पाय तुमचा आहे भाऊ, पण सुट्टी सगळ्यांची आहे." झालं, सुजलेला पाय बुटात कोंबला, घरी येऊन ताईला सांगितलं, जिन्यावरून घसरलो... ताई म्हणाली, आपण तळमजल्यावर राहतो. तरी अपघात झालाच नव्हता, बरं का!

आणि झालाच नव्हता म्हटल्यावर, ज्या मांडणीवरून फळी घसरली तिचा निखळलेला आकडा कोण कशाला दुरुस्त करणार? तो तसाच लोंबकळतोय, भाऊजी येता-जाता बघतायत, साहेब फेरीला आले की लंगडणं बंद, साहेब वळले की सुरू... आणि एका सकाळी बिजागऱ्या लावणाऱ्या मावशी नेमक्या तिथंच वाकल्या, वरची फळी सरकली, आणि भाऊजींनी दुखऱ्या पायानिशी झेप घेऊन त्यांना ओढलं. फळी आदळली ती थेट साहेबांच्या पुढ्यात. साहेबांनी घाम पुसला, कुणाला लागलं नाही ना, मग अपघात झालाच नाही, असं म्हणून ते निघाले. मावशी अजून जमिनीवरच होत्या...

"झालाय साहेब," भाऊजी म्हणाले. "माझ्या पायावर झालाय. आणि मी लपवलाय."

भाऊजींना वाटलं, संपलं, आता आपल्याला वाळीत टाकणार. तर मावशींनी हळूच बाही वर सारली, कोपराशी भाजलेलं, पॉलिशवाल्यानं हातमोजा काढला तर नख काळंनिळं, मग कुणाची पाठ, कुणाचा गुडघा... आणि सगळ्यांचा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू, कण्हायलासुद्धा किती दिवसांनी मोकळीक मिळालेली!

साहेब माणूस वाईट नाही हो. आकडा तेव्हाच्या तेव्हा बसवून घेतला आणि नियमच फिरवला: जो धोका दाखवील, त्याला सुट्टी. भाऊजींचा पाय बरा झाला, झोप लागायला लागली, ताईनंही सुटकेचा निःश्वास टाकला. पण बक्षीस तिकडे माणूस, नाही का? आता भाऊजींना सुट्टीच सुट्टी, आणि त्या सुट्टीत ते घरभर धोके शोधत हिंडतात, हे पायपुसणं घसरतंय, ती कढई डुगडुगतेय...

परवा ताईचा फोन आला. म्हणाली, "अरे, तुझ्या ओळखीत एखादा कारखाना आहे का रे, जिथं सुट्टीच देत नाहीत?"