जांभळ्या शाईची दुरुस्ती

धंद्यातली सवय घरी आणू नये म्हणतात. मी तर ती थेट मुलगी बघायला घेऊन गेलो, यार!

तेव्हा मी जहाजावर सेकंड ऑफिसर होतो. किनाऱ्यावरचे दिवे, मनोरे, खुणा यांची आमच्याकडे जाडजूड पुस्तकं असतात. त्यांतले बदल दर आठवड्याला कळायचे आणि ते जांभळ्या शाईने पुस्तकात चढवायचं काम माझं. चुकलं की जहाज खडकावर!

सुट्टीत बडोद्याला आलो, तर आईबाबांनी मारुती व्हॅन करून मुलगी बघायला जवळच्या पादरा गावी नेलं. स्थळ आणणाऱ्या मामांनी रस्त्याचा नकाशा काढून दिला होता: 'मोठ्या कडुलिंबापाशी डावीकडे.' कडुलिंब काही सापडेना. तीन चकरा झाल्यावर पानवाला म्हणाला, "लीमडो? ए तो कपाई गयो!"

तासभर उशिरा पोचलो. बसल्याबसल्या मी खिशातून जांभळं पेन काढलं आणि नकाशावरचं झाड खोडलं.

"हे काय करताय?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"झाड तोडलंय, म्हणून दुरुस्ती करतोय. मागून येणाऱ्यांची फसगत नको."

आईने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात चहाचा ट्रे ठेवत मुलगी म्हणाली, "राहू द्या ती दुरुस्ती. आता मागून कोणी येणार नाहीये."