भामाचे दोन विषय

—नाही नाही, बसा हिंमतराव, उठू नका. येईनच ती. पोरीबाळीले नटाले येळ लागते, तुमच्याबी घरी लेकी आहेत, तुमाले काय सांगाव? चहा घ्या—गुळाचा हाय, लढाई सरली पन साखरेचं रेशन काही सरलं नाही. देऊळगावाहून खामगावापर्यंत त्या मोटारीत हाडं खिळखिळी झाली असतील, आन पोरगी न पाह्यताच जाता? मी जरा दारापाशी उभा राह्यतो, तुमी बोला. आमचा मुनीम निवृत्ती, त्याले धाडला हाय, तो येऊन राह्यला का पाह्यतो. कशाले धाडला? ते—पेढे आनाले. पेढे.

गानं? हाव, शिकली ना. म्हनून तं नागपूरले कॉलेजात ठेवली. माही अट होती—संगीत घे. मनात म्हनलं, चार लोकं पाह्याले येतील तवा पेटीवर दोन गानी म्हनली का झालं काम. दिवाळीले घरी आली. म्या पेठेतले सगळे मोठे लोकं बोलावले, गादी टाकली, पेटी मांडली, म्हनलं, म्हन बाई. तं म्हन्ते, बाबा, पहिल्या सालात गानं नाही शिकवत, शास्त्र शिकवतात. आन सांगत बसली—सूर कोनते, दोन सुरांच्या मधात जागा किती, थाट कसा मांडाचा, ताल कसा मोजाचा—हातावर टाळी देऊन देऊन सांगे. अर्जुनराव आडते तं भितीले टेकून घोराले लागले. मले वाटलं जमिनीत जाव. लोकं गेल्यावर म्या इचारलं, एक गानं येत नाही, मंग तू तिथं करतं काय? तवा दुसरं समजलं. मले न सांगता तिनं आनखी एक विषय घेतला होता—धंदा कसा चालवाव, कारखान्यात मानसं कशी ठेवाव, काम कसं वाटून द्याव, याचा. वर्गात सगळे पोट्टे, आन आमची भामा एकटी पुढच्या बाकावर. म्या हासलो. मिसरूड फुटाच्या आंधी मी बापाच्या कापसाच्या जिनात उभा राह्यलो, मले कोन्या मास्तरनं धंदा शिकवला?

पुढं? पुढं काही नाही. म्हन्जे—सुट्टीत ती जिनात येऊन बसाले लागली. नुस्ती पाह्यत राहे. आपल्या जिनात बाया सरकी काढाच्या यंत्रात, रेच्यात, कापूस घालतात, सकायपासून दिवा लागेपर्यंत, उभ्यानं. एक दिवस मले म्हन्ते, "बाबा, तालात बी एक खाली असते. तिथं टाळी देत नाहीत, हात मोकळा सोडतात. तुमच्या जिनात खाली कुठी हाय?" म्या म्हनलं, रेचा काही तबला नाही. तिचं म्हननं, दुपारी बायाइले घडीभर सुट्टी द्या, जागा बदलून द्या, थकलेला हात यंत्रात जाते. म्या ध्यान नाही देलं. कोन देते? हंगामाचे दिवस, कापसाच्या गाड्याइची रांग फाटकापासून पार सडकेपर्यंत.

मंग त्याच बायाइतल्या तानुबाईचा हात गेला. रेच्यात. बोटं—पन तुमाले काऊन सांगून राह्यलो मी हे? जाऊ द्या. चहा थंडा होऊन राह्यला तुमचा. पेठेत बोभाटा झालाच होता, तुमच्या कानावर आलंच असन. नाही आलं? मंग राह्यलं. ...आता अर्ध सांगून काय फायदा? दुसऱ्या दिवशी बाया कामावर आल्या नाहीत, फाटकात बसल्या. आन त्यायच्या मधात आमची भामा. सोताच्या बापाच्या फाटकात, धुळीत, तानुबाईचं लेकरू मांडीवर घेऊन. म्या म्हनलं, ऊठ. दंड धरूनच उठवनार होतो. तिनं वर पाह्यलं फक्त. उठली नाही. तेवढ्यात तिची माय, झुंबर, भाकरीचं टोपलं घेऊन आली—मले वाटलं, मले जेवाले आनलं—तं ती सरळ बायाइत गेली आन खाली बसली.

सुट्टी देली मंग. द्यावीच लागली. जागा बदलाची रीत बी भामानंच लावून देली. आन सांगू का, काम घटलं नाही, हिंमतराव. म्या रोज वाट पाह्यली, घटलं म्हन्जे बोलता येईन. नाही घटलं. पन पेठेत हासाले लागले लोकं—इंद्रभानचं जिन आता पोरगी चालवते. तवाच ठरवलं, लगन करून टाकाव, कॉलेज गेलं खड्ड्यात. तुमाले निरोप धाडला. काल तिले सांगतलं. भांडली नाही, रडली बी नाही. सकायी पाह्यतो तं खोली रिकामी—

रिकामी म्हन्जे... हाव. आत नाही ती. नटून बी नाही राह्यली. तिच्या मायनंच टेसनावर नेऊन सोडली—जलंबले गाडी बदलली का नागपूर. निवृत्ती पेढ्याले नाही गेला, तिले आनाले गेला. गाडी उशिरा येते कधी कधी, म्हनून तुमाले बसवून ठेवलं. आता झालं? समजलं सगळं?

आला. एकटाच काय बे, निवृत्ती? यायच्यासमोरच सांग. भेटली? ...टेसनावर होती? मंग? ..."बायाइची सुट्टी बंद करू नका, आन तानुबाईले फाटकावर बसाचं काम द्या. परीक्षा झाली का मी येते, मले जिनातच बसाचं हाय"—असं म्हने? मह्याबद्दल काही? ...काहीच नाही? आन तू उभ्या उभ्या गाडी जाऊ देली.

...बरं केलं.

काय पाह्यता, हिंमतराव? पोरगी नाही दाखवत मी आता. उन्हाळ्यात बी नाही. राग माना, पन उठा, तुमची मोटार सुटन. निवृत्ती, यायले अड्ड्यापर्यंत पोचवून दे. मले जिनात जाव लागते—दुपार होऊन राह्यली, बायाइच्या सुट्टीचा भोंगा कोन वाजवन?