बोगद्यात उभी गाडी

सुमेधा : नाना, निदान आईची वही उघडा तरी. शेवटची चारच पानं आहेत.

नाना : वाचलीत मी. गाडी बोगद्यात बंद पडलीय, बोगदा प्रवाशांच्या सावल्या गिळतोय. ज्याची सावली गेली तो आपलं घर विसरतो. तुझ्या आईचं डोकं होतं ते. मी रेल्वेत छत्तीस वर्षं गार्ड होतो, गोष्टी लिहीत नव्हतो.

सुमेधा : म्हणून तर ऑफिसातून हाफ डे घेऊन आले. श्रिया रोज विचारते, आजीची गाडी पुढे कधी जाणार. परवा मीच माझ्या मनाने शेवट सांगितला. म्हणाली, मम्मी, झूठ मत बोलो, आजी असं नाही सांगायची.

नाना : नऊ वर्षांची आहे. विसरेल.

सुमेधा : आईला जाऊन आठ महिने झाले. नाही विसरली. आणि नाना, गोष्टीतल्या गार्डला मिशा आहेत.

नाना : पोटही आहे. पोह्यांवर दोनदा शेव मागतो. मला काय कळत नाही?

सुमेधा : मग सांगा ना. मागून काळी गाडी येतेय. गार्ड कंदील घेऊन मागे चालत गेला, रुळांवर फटाके लावले. खरंच लावतात?

नाना : लावतात. गाडी मध्येच बंद पडली तर मागच्याला कळायला नको? चाक वरून गेलं की फुटतात, ड्रायव्हर ब्रेक मारतो. तिने त्याला आधी बिना कंदिलाचा पाठवला होता. मी ओरडलो, मरेल ना तो! तेव्हा खोडून कंदील दिला.

सुमेधा : आणि पुढे?

नाना : पुढे तिला विचारायचं होतं, गार्ड परत कसा येतो. मी मॅच बघत होतो. म्हटलं, उद्या सांगतो.

सुमेधा : मग?

नाना : मग सकाळी दवाखाना. तिथे कोण असलं विचारतं? राहू दे गं, सुमेधा. थकलो मी. उभी राहू दे ती गाडी.

सुमेधा : श्रिया घाबरलीय, नाना. ती म्हणते, आजी त्याच गाडीत आहे, खिडकीशी. गाडी जितके दिवस उभी, तितकी आजीची सावली कमी होणार. मग आजी आपल्याला विसरेल.

(नाना वही जवळ ओढतात.)

नाना : लिही. तूच लिही, माझं अक्षर श्रियाला लागत नाही. इंजिन सुरू झालं की ड्रायव्हर ठरलेली शिट्टी देतो. ती ऐकली की गार्डने परत निघायचं. फटाके उचलायचे नाहीत.

सुमेधा : काळी गाडी आली तर?

नाना : फुटतील. थांबेल ती. त्यासाठीच तर सोडायचे.

सुमेधा : मग गार्ड पळत येतो?

नाना : पळत कसला, त्या पोटाने! गिट्टीवरून चालत येतो. पाय दुखतात, तरी येतो.

सुमेधा : आणि आजीला भेटतो?

नाना : नाही. तिचा डबा पुढे, त्याचा शेवटचा. त्याने हिरवा दिवा दाखवायचा आणि चढायचं.

सुमेधा : एकाच गाडीत, आणि भेट नाही?

नाना : माझ्या गाडीने ती माहेरी जायची, तेव्हाही असंच असायचं. स्टेशन आलं की खिडकीशी जाऊन यायचो.

सुमेधा : मग पुढचं स्टेशन कुठलं लिहू?

नाना : ते राहू दे. गाडी हलली, एवढंच सांग तिला आज.